नावांचा गुंता आणि ग्रंथालयाची सूची

(कफ परेड येथील मच्छीमार नगरात ग्रंथालय कार्यकर्ते व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



आपण ज्या वस्तीत जमलो आहोत तिच्या नावापासूनच आरंभ करतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी याच किनाऱ्यावर उतरून शहरात शिरले. त्यानंतर जे वृत्तांत आणि जी पुस्तके निघाली त्यांत या जागेला कोणी मच्छीमार नगर म्हटले, कोणी मच्छीमार कॉलनी, कोणी भाई बंदरकर वसाहत, तर कोणी शेजारच्या इमारतींवरून बधवार पार्क. काहींनी नुसते कुलाबा लिहून काम भागविले. जागा एकच, परंतु अक्षरानुक्रमे लावलेल्या सूचीत ती चार-पाच खणांत विखुरली जाते, आणि 'म' चा खण उघडणाऱ्यास 'ब' च्या खणातील पुस्तक भेटत नाही. ग्रंथसूचीचे शास्त्र ज्या अडचणीतून जन्मले ती अडचण हीच होय.

मराठी वाचकास तर ही अडचण टोपणनावांमुळे चांगलीच परिचित आहे. 'विशाखा' हा काव्यसंग्रह कुसुमाग्रजांचा आणि 'नटसम्राट' हे नाटक वि. वा. शिरवाडकरांचे. आरती प्रभूंची कविता आणि चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' ही कादंबरी एकाच लेखणीतून उतरली. राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज होतात आणि विनोदी लेखनात बाळकराम. जुन्या ग्रंथपालांनी यावर सोपा उपाय योजला होता. एक नाव मुख्य धरावयाचे आणि दुसऱ्या नावाच्या कार्डावर 'अमुक पाहा' असे लिहावयाचे. शं. ग. दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली ती संगणकाच्या कितीतरी आधी, आणि ती आजही हाताशी ठेवावी लागते. डॉ. रंगनाथन यांनी १९३४ मध्ये वर्गीकृत सूचीचे नियम प्रसिद्ध केले, तेव्हा भारतातील ग्रंथालयांस स्वतःची शिस्त लाभली.

पुढे यंत्र आले. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हराम या विदुषीने 'मार्क' नावाची पद्धती घडविली. तीत प्रत्येक माहितीस क्रमांकित रकाना असतो. १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ६५० मध्ये विषय. एका ग्रंथालयाने केलेली नोंद दुसऱ्यास जशीच्या तशी घेता येऊ लागली, ही लहानसहान गोष्ट नव्हे. तथापि माझे स्पष्ट मत असे की, मार्कने कार्ड यंत्रात नेले, पण त्याचे कार्डपण गेले नाही. रकान्यात शेवटी अक्षरेच राहिली, आणि शिरवाडकर हे आडनाव रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहिले की यंत्राच्या दृष्टीने माणसे दोन झाली.

२०१० मध्ये सूचीकरणाचे 'आरडीए' हे नवे नियम आले आणि २०११ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने मार्कच्या जागी 'बिबफ्रेम' ही रचना आणण्याचे काम हाती घेतले. 'लिंक्ड डेटा', म्हणजे परस्परांशी जोडलेली माहिती, हे तिचे तत्त्व. यात व्यक्ती, स्थळ, कृती, विषय या प्रत्येकास महाजालावर एक कायमचा पत्ता दिला जातो. नावे कितीही असोत, पत्ता एकच. नोंद म्हणजे मग अशा पत्त्यांमधील नाती. 'नटसम्राट' ही एक कृती. तिच्या अनेक आवृत्त्या. आवृत्तीची एक प्रत आपल्या कपाटात. कृतीचे एक नाते लेखकाशी, दुसरे शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' शी, तिसरे २०१६ च्या मराठी चित्रपटाशी. वाचक कोणत्याही टोकाने आत शिरला तरी बाकीची टोके त्याच्या हाती येतात.

येथवर सारे सोयीचे वाटते. खरा प्रश्न पुढचा आहे: हे पत्ते कोणी द्यावयाचे आणि नाती कोणी जोडावयाची?

'कोळी' हा एकच शब्द घ्या. तो या किनाऱ्यावरील सोनकोळ्यांचा वाचक आहे. सह्याद्रीतील महादेव कोळ्यांचाही आहे. ते अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, सोनकोळी नाहीत. आणि जाळे विणणारा जीवही कोळीच. (जाळे दोघांकडेही असल्याने यंत्राचा घोटाळा आणखीच वाढावयाचा.) विजया पुणेकर यांचे मुंबईच्या सोनकोळ्यांवरील १९५९ चे इंग्रजी पुस्तक महादेव कोळ्यांच्या विषयाशी जोडले गेले, तर ती चूक एका ग्रंथालयात थांबणार नाही, जोडलेल्या माहितीबरोबर ती सर्वत्र पोहोचेल. कार्डावरील चूक खणात पडून राहत असे. नव्या पद्धतीत चुकीलाही पाय फुटतात.

नोंदीतील नावावर किती अवलंबून असते, याचे एक उदाहरण शासकीय व्यवहारातील सांगतो. सागरी किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेने मुंबईतील कोळीवाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली होती. १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा राज्य शासनाच्या संबंधित दप्तरात निर्देश असलेल्या मासेमार वसाहतींचे नकाशे व्हावेत, असे तीत म्हटले होते. म्हणजे वस्ती डोळ्यांपुढे उभी असून भागत नव्हते. कागदावर ती सापडावी लागत होती. कागद एका नावाचा आणि शोधणारा दुसऱ्या नावाचा, असे झाल्यावर काय होते हे दप्तर हाताळणाऱ्या श्रोत्यांस मी सांगावयास नको.

म्हणून हे काम कोलकाता किंवा वॉशिंग्टन यांच्यावर सोपवून भागणार नाही. तेथील सूचीकारास आरडीए मुखोद्गत असेल. बधवार पार्क आणि मच्छीमार नगर यांतील कुंपण कोठून जाते, हे त्याला ठाऊक नसते. आपल्याकडे १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली लहान ग्रंथालये खेडोपाडी आहेत. 'ड' वर्गातील ग्रंथालयाकडून बिबफ्रेमची अपेक्षा कोणी करू नये. परंतु एक वेगळी वही घालता येईल. तीत आपल्या गावाची, वाडीची, बंदराची, समाजाची जुनी-नवी सर्व नावे लिहावीत. कोणते नाव लोक स्वतः वापरतात आणि कोणते बाहेरच्यांनी दिले, हेही लिहावे. स्थानिक लेखकाचे खरे नाव व टोपणनाव एका ओळीत आणावे. नोंदी देवनागरीत आणि युनिकोडमध्ये ठेवल्यास त्या पुढे कोणत्याही रचनेत नेता येतील. शाळेतील मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून ही नावे विचारून आणावयास सांगता येईल, आणि या वस्तीत तर नावेच नव्हे, बंदरावरच्या कोणत्या जागेला काय म्हणत असत तेही त्यांच्याकडून कळेल.