महाशीर सोडला, नदीचं काय?

ट्राउटला बारमाही गार पाणी लागतं, म्हणून परदेशातून आणलेला हा मासा काश्मीर-हिमाचलात रमला. पुण्याच्या नद्यांचा मानकरी मात्र महाशीर. दख्खनी महाशीराचं शास्त्रीय वर्णन निसर्ग-अभ्यासक साइक्स यांनी १८३९ साली केलं, तेही आपल्याच मुळा-मुठेतल्या माशावरून! आज शहरातल्या त्या प्रवाहात तो तगणं कठीण, कारण त्याला वाहतं, प्राणवायूयुक्त पाणी आणि विणीसाठी दगडगोट्यांचा स्वच्छ तळ हवा. धरणं आणि सांडपाणी नेमकं तेच हिरावून घेतात.

कुणी म्हणेल, लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महाशीराची पिल्लं वाढवतात, ती सोडली की झालं. त्या कामाचं मोल मोठंच, पण बोटुकली सोडून पाणी शुद्ध होत नाही. शिवाय भलत्या नदीत सोडलेला मासा उपद्रवीही ठरतो: कावेरीत हाच दख्खनी महाशीर वाढला आणि तिथला दुर्मीळ कुबडा महाशीर घटत गेला. मग महाशीर वाचवायला हौशी गळवाल्यांनाच आवरावं का? मासा ओढाताणीत दमतो, जखमी होतो, हा आक्षेप खराच. तरी कावेरीतला तो बदल अभ्यासकांना उमगला, तो मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या गळवाल्यांच्याच नोंदींवरून.