भुकेल्याला आधी घास
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज आनंदाचा दिवस आहे. पण आम्ही बोलणार आहोत ते पुलाखाली राहणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांबद्दल. शेजारीच म्हणायचे. विहारापासून पाच मिनिटांवर तर राहतात.

आळवीची गोष्ट आपण ऐकली असेल. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला. बैल शोधून, दमून, उपाशी पोटी तो भगवंतांचा उपदेश ऐकायला आला. लोक वाट पाहत बसले होते. भगवंतांनी काय केलं? उरलेलं अन्न आणायला सांगून त्याला आधी जेवू घातलं आणि मग धम्म सांगितला. भिक्खूंमध्ये कुजबुज झाली, पण भगवंतांचा क्रम ठरलेला होता. आधी घास, मग उपदेश.

आपण मात्र क्रम चुकवतो. गेल्या बुद्धपौर्णिमेला आपण मोठ्या उत्साहाने पुलाखाली खीर-पुरी वाटली. आपल्या आधी तिथं तीन मंडळं येऊन गेली होती. पुऱ्या उरल्या, खीर आंबली. एक आजी म्हणाल्या, "बाळांनो, आज चार ठिकाणचं आलं. उद्या कोण येणार?" आम्ही निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवशी कोणीच गेलं नाही, आम्हीसुद्धा नाही.

मग आपण आणखी एक चूक केली. वर्गणी काढून तांदूळ, डाळ, तेल अशा पिशव्या वाटल्या. ज्यांना चूल नाही त्यांनी तांदूळ शिजवायचा कशावर? स्टोव्ह ठेवला की गाडी येते आणि भांड्यांसकट उचलून नेते. काहींनी ते तांदूळ नाक्यावर विकून वडापाव खाल्ला. आपल्यातले काही जण रागावले. पण चूक त्यांची नव्हती, आपण विचारलं नव्हतं.

विचारायला गेलो तेव्हा बरंच कळलं. म्हाताऱ्यांना दात नाहीत, त्यांना मऊ भात किंवा खिचडी पाहिजे. कचरा वेचणाऱ्या बाया पहाटे चारला निघतात, म्हणून त्यांना रात्रीचं जेवण उपयोगाचं. आणि वाटताना फोटो काढलेला कोणालाच आवडत नाही.

रेशनचीही गोष्ट आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी 5 किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. पण कार्ड काढायला गेलं की पहिला प्रश्न पत्त्याचा! तरी पुष्कळांचं नाव गावाकडच्या कार्डावर आहे, हे आपल्याला माहीत नव्हतं. आधार जोडलेलं असेल तर 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेत इथल्या दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचं धान्य घेता येतं, उरलेलं गावी घरच्यांना मिळतं. 2022 पासून ही सोय सगळ्या राज्यांत आहे. दुकानदाराने "गावी जा" म्हटलं तर त्यांच्याबरोबर आपल्यातलं कोणीतरी जाऊन उभं राहिलं पाहिजे. लिहिता-वाचता येणाऱ्या आपल्या पोरांचं हे काम आहे.

पण धान्य मिळालं तरी चुलीचा प्रश्न राहतोच. म्हणून आम्ही समितीपुढे मागणी ठेवतो : विहाराच्या मागचा ओटा आणि गॅस रोज संध्याकाळी दोन तास त्यांना द्यावा. ते आपलं धान्य आणतील, आपलं शिजवतील, भांडी घासून जातील. ज्यांचं कार्ड नाही त्यांच्यासाठी वाडीतल्या घरांनी वार वाटून घ्यावेत. एका घराने आठवड्यातून एकदा चार भाकऱ्या आणि वाटीभर कालवण जास्त केलं तर कोणाचं घर बुडणार नाही.

काही जण म्हणतात, "विहारात घाण होईल, गर्दी होईल." त्यांना आम्ही हात जोडून विचारतो, 6 डिसेंबरला दादरला आपण शिवाजी पार्कवर उघड्यावर झोपतो, रांगेत उभं राहून जेवण घेतो. तेव्हा आपल्याकडे पाहून कोणी नाक मुरडलं तर कसं वाटतं? आपण तर दोन रात्रींनी घरी येतो. आणि 1972 च्या दुष्काळात आपल्या किती घरांतली माणसं मुंबईच्या फुटपाथवर उतरली होती, ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा.

बाबासाहेबांनी 1956 साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती आपण दरवर्षी उभं राहून म्हणतो. आता ओट्याची किल्ली द्यायची की नाही, एवढंच ठरवायचं आहे. पुढच्या रविवारी समितीची बैठक आहे. घरातल्या बायांनी जरूर यावं, कारण चुलीचं मोल त्यांना जास्त कळतं.

नमो बुद्धाय! जयभीम!