उन्हाचा कागद

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मी 1986 च्या दहावीच्या तुकडीची. गेली 26 वर्षं याच शाळेत विज्ञान शिकवते. म्हणजे इथे बसलेल्या काहींची मी वर्गमैत्रीण आणि बऱ्याच जणांची बाई. "सध्या शाळेत काय चाललंय ते दहा मिनिटांत सांगा," असं संयोजकांनी सांगितलंय. सगळं सांगत बसले तर जेवण गार होईल, म्हणून मी एकाच प्रयोगाबद्दल बोलणार आहे. यंदा 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नववीच्या मुलांनी तो मैदानावर केला.

विषय होता अतिनील किरणं आणि त्वचा. सोलापुरात ऊन हा विषय कुणाला नवा नाही. पण उन्हातला जो भाग कातडी भाजतो तो दिसत नाही आणि गरमही लागत नाही, हे मुलांना पटवणं अवघड जातं. 'ताप नाही तर त्रास नाही' असं आपलं साधं गणित असतं. हिवाळ्यातल्या गार वाऱ्यात भर दुपारी दोन तास खेळलं तरी हीच किरणं अंगावर पडत असतात. 1801 मध्ये योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञानं लोलकातून सूर्यप्रकाश फाकवला आणि जांभळ्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे सिल्व्हर क्लोराइडचा कागद धरला. तो तिथे सगळ्यात लवकर काळा पडला. अतिनील किरणं सापडली ती अशी. डोळ्याला न दिसणारं कागदाला दिसलं. आम्हीही कागदच वापरायचं ठरवलं.

तुमच्यापैकी जे पॉलिटेक्निकला किंवा गिरणीच्या ड्रॉइंग ऑफिसात गेले, त्यांना निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचे नकाशे आठवत असतील. ती ब्लू प्रिंट. जॉन हर्शेलनं 1842 मध्ये शोधलेली ही पद्धत शाळेच्या प्रयोगशाळेतही जमते. 100 मिलिलिटर पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या 100 मिलिलिटरमध्ये 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, दोन्ही सारखी मिसळायची आणि ब्रशनं चित्रकलेच्या कागदावर लावायची. आम्ही प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळं कापड लावलं आणि एका पिवळ्या बल्बच्या उजेडात हातमोजे घालून कागद तयार केले. वाळल्यावर ते पोपटी-पिवळे दिसतात. उन्हात धरून पाण्यात धुतले की ऊन लागलेला भाग गडद निळा होतो आणि झाकलेला पांढरा राहतो.

सामान मुलांनीच आणायचं होतं. "ऊन लागू नये म्हणून तुमच्या घरात जे वापरतात ते आणा," एवढंच मी सांगितलं. खोबरेल तेल आलं, हळद आली, टाल्कम पावडर आली, दोन-तीन सनस्क्रीन आली. ओढण्या, पंचा, गणवेशाचा जुना सदरा आणि एक सोलापुरी चादर आली. कुणाच्याही अंगावर काहीही लावायचं नाही, हा नियम. ओएचपीच्या जुन्या पारदर्शक पट्ट्या कपाटात पडून होत्या. त्यांवर चौकोन आखले, एकेका चौकोनात एकेक वस्तू पसरली आणि पट्टी कागदावर ठेवली. दुपारी साडेबाराला आठ मिनिटं. त्या वेळी मुलांची सावली त्यांच्या उंचीच्या निम्मी होती. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ही किरणं जोरात आहेत असं समजायचं. मोबाइलवरच्या कुठल्याही ॲपपेक्षा मला ही खूण आवडते.

कागद बादलीतून निघाले तेव्हा सगळ्यात जास्त गलका खोबरेल तेलावर झाला. तेलाचा चौकोन उघड्या चौकोनाइतकाच निळा होता. "आजी तर रोज लावते!" अजीनं जरूर लावावं, कातडी मऊ राहते. ऊन मात्र त्यानं अडत नाही. सनस्क्रीनचा जाड थर दिला तिथे कागद पांढरा राहिला आणि त्याच ट्यूबचा पातळ हात फिरवला तिथे फिकट निळा झाला. हे महत्त्वाचं आहे. पाकिटावरचा एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम क्रीम लावून मोजलेला असतो. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं क्रीम लागतं. आपण लावतो वाटाण्याएवढं.

कापडांत तलम ओढणीखाली विणीचा निळा ठसा उमटला. पांढरा सुती पंचा कोरडा असताना बऱ्यापैकी ऊन अडवत होता, ओला केल्यावर त्याच्याखालचा कागद जास्त निळा झाला. म्हणजे घामानं भिजलेला पातळ सदरा आपल्याला वाटतो तितका कामाचा नाही. सोलापुरी चादरीखाली कागद पांढराशुभ्र. भौगोलिक मानांकन उगाच मिळालेलं नाही, असं एक मुलगा म्हणाला. चादर पांघरून खो-खो कसा खेळायचा, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. कडुनिंबाच्या सावलीत ठेवलेला कागदही फिकट निळा झाला होता, कारण ही किरणं आकाशातूनही विखरून येतात.

एक गोष्ट मी मुलांना ठासून सांगितली, इथेही सांगते. हा कागद कातडी नव्हे. वर्गाच्या खिडकीच्या काचेआड ठेवला तरी तो निळा होतो, आणि कातडी लाल करणारी यूव्हीबी किरणं तर काच बरीचशी अडवते. कागदाला मुख्यतः यूव्हीए आणि जांभळ्याकडचा थोडा उजेड कळतो. तेव्हा या कागदावरून एसपीएफ मोजता येत नाही आणि कुठलं क्रीम चांगलं याचा निकालही लावता येत नाही. काय आरपार जातं आणि काय अडतं, एवढंच कळतं.

आता ज्यासाठी मी हा प्रयोग निवडला ते सांगते.

आमच्या खो-खोच्या संघात एक मुलगी आहे. तिचं नाव घेत नाही, पण तिनं "सांगा बाई" असं म्हटल्यावरच मी हे बोलते आहे. जानेवारीत तिची आई शाळेत आली. विड्या वळते. मला म्हणाली, "बाई, पोरगी काळीठिक्कर पडली. वर तोंड लाल होतंय, आग होतीया म्हणती. चार-पाच वर्सांनी पाहुणे बघायला येतील. खो-खो बंद करा तिचा." असं म्हणणारी ती पहिली आई नव्हती. मुली मैदान सोडतात त्यात गुडघे फुटल्यामुळे थोड्याच सोडतात. रंगासाठी जास्त सोडतात. मी तिला विज्ञान दिनापर्यंत थांबायला सांगितलं.

प्रयोगाच्या दिवशी त्या मुलीनं एक छोटी ट्यूब आणली होती. "आई म्हणती हे लावल्यावर ऊन लागत नाही." तिच्या चौकोनाखाली कागद जवळजवळ उघड्याइतकाच निळा निघाला. पण तोवर मी ट्यूबवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली होती. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटॅसोन. ते उन्हाचं क्रीम नव्हतंच. वांगासारख्या डागांवर त्वचारोगतज्ज्ञ थोडे दिवस, स्वतःच्या देखरेखीखाली देतात ते औषध होतं. त्यातलं मोमेटॅसोन स्टेरॉइड आहे. महिनोन् महिने चेहऱ्यावर लावलं तर कातडी पातळ होते, लाल होते, पुटकुळ्या येतात. ट्रेटिनॉइननं कातडी उन्हाला आणखी हळवी होते. ती सात महिने लावत होती, आणि ते लावून दुपारी मैदानावर येत होती. आग होत होती ती त्याची, आणि दोष जात होता खो-खोला.

आईला बोलावलं. ती म्हणाली, "दुकानदारानं दिलं बाई. डाक्टरचंच हाय म्हणाला." चिठ्ठीशिवाय मिळालं आणि तिनं विड्यांच्या मजुरीतून दर महिन्याला घेतलं. तिच्यावर रागवावं असं मला काहीच दिसलं नाही. ज्यानं चिठ्ठी न मागता ते काउंटरवरून दिलं, त्याच्यावर मात्र राग आला आणि तो अजून आहे. दुसऱ्या दिवशी मायलेकींना मी सरकारी रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाल्या, हे आपल्या मनानं एकदम बंद करू नका, चेहरा आणखी भडकतो, मी सांगते तसं सोडवायचं. तीन-साडेतीन महिने लागले.

याच काळात वर्गातल्या एका उद्योगी मुलानं निळा झालेला कागद धुण्याच्या सोड्यात बुडवला. निळा रंग गेला. पण कागद पांढरा झाला नाही, पिवळट, मळकट झाला. तो कागद त्यानं मला न विचारता फळ्याशेजारी चिकटवला आणि खाली लिहिलं, 'गोरा झाला'. मुली हसल्या. ती मुलगीही हसली आणि म्हणाली, "बाई, कागद निळाच राहतो. माझा हात तर पावसाळ्यात परत होता तसा होतो." बरोबर आहे. रापणं म्हणजे कातडीनं जास्त मेलॅनिन तयार करून स्वतःला झाकणं. ऊन कमी झालं की ते उतरतं. जन्माचा रंग उरतो, त्याला काही झालेलं नसतं. मात्र रापलेपण उतरलं तरी पेशींना झालेली इजा सगळीच भरून येते असं नाही, आणि डोळ्यांत मोतीबिंदू वाढवणाऱ्या कारणांत हीच किरणं आहेत. म्हणून संरक्षण हवं. ते गोरं दिसण्यासाठी नको, हे दोन वेगळे हिशेब मुलांना वेगळे मांडून दाखवायला मला तो सोड्यातला कागद फार उपयोगी पडला.

जूनपासून खो-खोचा सराव सकाळी साडेसहाला होतो. जर्सी पूर्ण बाह्यांची, गडद रंगाची, घट्ट विणीची शिवली. ती मुलगी संघात आहे आणि पाठलागाला पहिली उतरते. आई अजूनही "टोपी घाल" म्हणून ओरडते, ते चांगलंच आहे. मात्र त्याच सुमारास खेळ सोडलेल्या आणखी दोन मुली परत आल्या नाहीत. एकीच्या घरी मी दोनदा जाऊन आले, पुन्हा जाणार आहे.

मैदानाच्या पश्चिमेला, जिथे मुलं आपली पाळी येईपर्यंत उन्हात बसतात, तिथे पत्र्याची शेड हवी आहे. 1994 च्या तुकडीनं खांबांचं पाहतो म्हटलंय, पत्र्याचं कुणी पाहावं. सगळे कागद मागच्या भिंतीवर लावले आहेत, सोड्यातलाही आहे. टेबलावर भिंग ठेवलंय. तुमच्या घरात, मुलीच्या दप्तरात, सुनेच्या कपाटात अशी एखादी ट्यूब असेल तर मोबाइलवर तिचा फोटो मागवून घ्या आणि जेवणाआधी माझ्याकडे या, आपण अक्षरं वाचू. जिल्हा रुग्णालयातल्या त्वचारोग विभागाच्या वेळाही तिथेच लिहून ठेवल्या आहेत.