राजापूरचे सदानंद रेगे आणि पद्यनाट्य

1830 साली रशियात कॉलऱ्याची साथ पसरली, रस्ते बंद झाले आणि कवी पुश्किन बोल्दिनो गावी अडकून पडला. तिथे त्याने चार छोट्या पद्यनाटिका पुऱ्या केल्या. त्यांतल्या एकीत संगीतकार सालिएरी मत्सरापोटी मोझार्टच्या पेल्यात विष टाकतो. अवघ्या दोन प्रवेशांचं हे नाटक, पण मत्सर किती खोल जातो ते त्यात दिसतं.

माणसाच्या विकारांच्या अशा नाट्याची ओढ आपल्या राजापूरच्या एका कवीलाही होती. सदानंद रेगे. जन्म 1923, राजापूरचाच. ‘अक्षरवेल’, ‘गंधर्व’ हे त्यांचे कवितासंग्रह. सोफोक्लिसचा ईडिपस त्यांनी ‘जयकेतू’ या नावानं मराठीत आणला. मायकोव्हस्कीची रशियन दीर्घकविता त्यांच्या मराठीत ‘पँट घातलेला ढग’ झाली. तीही एका अर्थी नाट्यच: प्रेयसीची वाट पाहणारा तरुण आणि त्याचा धुमसता आकांत.

मला मात्र त्यांच्या अनुवादांत सर्वांत मोलाचं वाटतं ते ‘ब्रांद’. इब्सेनचं हे 1866 मधलं पद्यनाट्य. सर्वस्व द्या, नाहीतर काहीच नको, असा हट्ट धरणारा धर्मोपदेशक ब्रांद. त्याचं मूल दगावतं. बायको आग्नेस बाळाचे कपडे जपून ठेवते, तर तेही तो एका भटक्या बाईला द्यायला लावतो. शेवटचं टोपडंसुद्धा. हा प्रवेश वाचताना घशात आवंढा येतो.

रेगे 1982 मध्ये गेले. राजापूरकरांनो, वाचनालयात त्यांची पुस्तकं आवर्जून मागा. नसतील, तर मागवून घ्या.