पलटण, प्लाटून आणि कंपू



भाषांतराच्या तासाला इंग्रजीतला 'प्लाटून' हा शब्द आला, की आमच्या निपाणी-बेळगावकडची मुलं त्यापुढे बेलाशक 'पलटण' लिहितात. उच्चार जुळतो आणि शब्दही घरातला असतो. 'थोरला पलटणीत आहे' हे वाक्य इथल्या खेड्यांत कुणाला नवं नाही. तरीही उत्तर चुकतं. सैन्यात प्लाटून म्हणजे साधारण तीस-पस्तीस जवानांची तुकडी. अशा तीन प्लाटूनची एक कंपनी होते, आणि अशा काही कंपन्या मिळून साधारण आठशे जणांची बटालियन. जवान जिला 'माझी पलटण' म्हणतो ती ही बटालियन. म्हणून 'टेकडीवर एक प्लाटून पाठवली' याचं 'एक पलटण पाठवली' असं भाषांतर केलं, की आपण टेकडीवर साडेसातशे माणसं जास्त चढवतो. मूठभर माणसांनी ती टेकडी राखली, ही गोष्टच त्या एका शब्दाने पुसली जाते.

याची खातरजमा करायला आपल्याला लांब जावं लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. तिची पहिली बटालियन १७६८ साली उभी राहिली, तिचं नाव 'जंगी पलटण'. दुसरी १७६९ ची, ती 'काली पाचवी'. या पलटणींच्या पोटात प्लाटून असतात आणि जवान त्यांना प्लाटूनच म्हणतात. दोन्ही शब्द एकाच माणसाच्या तोंडी असतात, पण त्याचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो बाहेरच्यांचा.

मग उच्चार एकीचा आणि अर्थ दुसरीचा, असं का झालं? फ्रेंचमध्ये 'पेलोतों' म्हणजे लहानसा चेंडू किंवा गुंडा. त्यावरून माणसांचा घोळका. सायकलशर्यतीत एकत्र चाललेल्या स्वारांच्या थव्याला आजही तोच शब्द वापरतात. तो इंग्रजीत आला आणि 'प्लाटून' झाला. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाने मात्र आपली पलटण 'बटालियन'चा अपभ्रंश मानली आहे, आणि त्यात प्लाटूनची सरमिसळ झाली असावी, असं म्हटलं आहे. मला हे पटतं. चेहरा प्लाटूनचा आणि कायदा बटालियनचा, असा हा शब्द आहे.

त्याच नोंदीत या शब्दाचं दक्षिणेकडचं रूप दिलं आहे : पटालम. आपण सीमाभागातली माणसं इथे जरा जास्त श्रीमंत आहोत, कारण दोन्ही रूपं आपल्या कानांवर पडतात. कन्नड वर्तमानपत्रांत 'पटालम' म्हणजे एखाद्याच्या मागेपुढे फिरणारं टोळकं. मराठीतही 'सगळं पटालम घेऊन आला' असं आपण म्हणतो, तेव्हा कपाळावर थोडी आठी असते. पण सुट्टीत नातवंडं आली की आजी म्हणते, 'आली आमची पलटण!' तिथे कौतुक असतं. दोन्ही शब्द एकाच घराण्यातले, पण एकाला माया मिळाली आणि दुसऱ्याला टोमणा. कोशात दोघांपुढे नुसतं 'समुदाय' लिहून हा फरक हाती लागणार नाही.

आणखी दोन शब्द पाहा. महादजी शिंद्यांनी द बॉइन्यकडून कवायती फौज उभी करून घेतली. अशा फौजेच्या ब्रिगेडला 'कंपू' म्हणत. त्याचं मूळ पोर्तुगीज 'कांपो' किंवा इंग्रजी 'कँप'. आज कंपू म्हटलं की तोफा आठवत नाहीत, साहित्यसंस्थांच्या निवडणुका आठवतात! 'गारदी' हा शब्द 'गार्ड'वरून आला असं मानतात. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचं कवायती पायदळ पेशव्यांच्या बाजूने लढलं. पण १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून गारद्यांनी केला आणि शब्दाला तो डाग कायमचा लागला.

तुकड्यांची नावं अशी परकी झाली, हुद्द्यांची मात्र आपलीच राहिली. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या घोडदळाची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. गडावरही सबनीस आणि सरनोबत यांच्यासोबत हवालदार हा प्रमुख अधिकारी असे. सुभेदाराकडे तर अख्खा सुभा. आजच्या सैन्यात नाईक, हवालदार, सुभेदार हे शब्द आहेत, पण त्यांच्या डोक्यावर कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांची उतरंड आहे आणि तिथले सगळे हुद्दे इंग्रजी. कंपनी सरकारने आपले शब्द ठेवून घेतले आणि त्यांची पायरी खाली आणली. म्हणून बखरीतल्या हवालदाराला आजच्या हवालदाराच्या तीन फितींनी मोजू नये. विद्यार्थ्यांना हे सांगितलं नाही, तर ते बखर वाचतील आणि गडाचा कारभारी त्यांना चौकीवरचा शिपाई वाटेल.

तेव्हा भाषांतर करणाऱ्यांना माझी सूचना साधी आहे. प्लाटूनला 'प्लाटून'च लिहा. वृत्तान्तात बटालियनला 'बटालियन' लिहा. जवान स्वतः बोलत असेल तर मात्र त्याच्या तोंडी 'पलटण'च राहू द्या, कारण त्याला तिथे केवळ संख्या सांगायची नसते, आपलं घर सांगायचं असतं.

आणि विद्यार्थ्यांना एक काम देतो. आपल्या गावांत निवृत्त जवान पुष्कळ आहेत. त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. पलटण, कंपनी, लंगर, हजेरी हे शब्द ते कोणत्या अर्थाने वापरतात, मराठीत बोलताना कसे आणि कन्नडमध्ये बोलताना कसे, ते वाक्यासकट लिहून घ्या. गावाचं नाव आणि साल टाका. कोशकाराला अशाच वह्यांची गरज असते, आणि त्या वह्या लिहिता येतील अशी माणसं आज आपल्यात आहेत.