घरचा सिलेंडर आणि आपली सोसायटी
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सोसायटीला २५ वर्षं झाली, सर्वांचे अभिनंदन! कौतुकाची भाषणं झाली, मी थोडं कामाचं बोलतो.

आपल्या मूलच्या आसपास, जंगलालगतच्या गावांत चूल पेटवायची म्हणजे बायांनी सरपणाला जंगलात जायचं, आणि जंगलात वाघ. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि अशा अनेक घरांत गॅस पोचला. तेव्हा गॅसला नावं ठेवायला मी उभा नाही. पण एका घरातली गळती ही सगळ्या इमारतीची गळती असते.

परदेशात काही हौशी लोक घरीच बिअरचं पिंप बसवतात, त्याला कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर जोडतात. हसू नका, आपला विषय सिलेंडर आहे! तिथंही नियम हेच: सिलेंडर उभा ठेवा, योग्य रेग्युलेटर लावा, जोड साबणाच्या पाण्यानं तपासा, खोली हवेशीर ठेवा. त्या वायूला वास नसतो. बंद खोलीत माणूस नकळत गुदमरतो. आपल्या गॅसलाही मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. तो वास म्हणजे नोटीस समजा.

मी बँकेतला माणूस, आधी मुदत पाहतो. सिलेंडरच्या वरच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. ही पुढच्या चाचणीची मुदत. ती उलटली असेल तर सिलेंडर घेऊच नका. मुदत संपलेली एफडी नुकसान करत नाही, हा करू शकतो. सुरक्षा नळीवरही तारीख छापलेली असते. ५ वर्षांत ती बदलायची. चिरली तर त्याआधीच.

सिलेंडर आला की सील पाहा, आतली रबरी रिंग पाहा, वजन करून घ्या. सिलेंडरवर लिहिलेलं रिकामं वजन अधिक १४.२ किलो, एवढं भरलं पाहिजे. गळती साबणाच्या पाण्यानं तपासा, काडी पेटवून कधीच नाही. शेगडी ओट्यावर, सिलेंडर खाली उभा. रात्री रेग्युलेटर बंद.

आणि वास आला तर? हा गॅस हवेपेक्षा जड असतो, फरशीलगत साचतो. शेगडी, रेग्युलेटर बंद करा, देवघरातला दिवा विझवा, दारं-खिडक्या उघडा. दिव्याचं, पंख्याचं, कूलरचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा पडते. सगळे बाहेर पडा आणि बाहेरूनच १९०६ वर फोन करा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. शेजाऱ्यांना उठवायचं तर बेल दाबू नका, दार ठोठावा. हे मुलांनाही शिकवा, बरं का.

आपल्याकडे काही आजी-आजोबा एकटेच राहतात. वयानं वास कमी येतो, हे मी सत्तरीनंतरचा माणूस सांगतो. म्हणून एक सूचना मांडतो: दरवर्षी वार्षिक सभेच्या आदल्या रविवारी दोघांनी घरोघरी जाऊन नळीची तारीख वहीत लिहावी. जिन्याखाली सिलेंडर ठेवलेला दिसला तर हलवायला लावावा. अशी वही सोसायटीकडे असली, की कोणाच्या घरी काय बदलायचं आहे हे आधीच कळेल.

पहिली नोंद माझ्या घरची घ्या.