युरियाची गोणी आणि निकेलचा स्पंज



घरात युरियाची गोणी असेल तर तिच्याकडे आज जरा वेगळ्या नजरेने बघा. ४५ किलोची ती गोणी तयार व्हायला साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो, आणि तेवढ्या अमोनियात साडेचार किलो हायड्रोजन असतो. अमोनियातला नायट्रोजन हवेतून मिळतो. खरा पैसा मोजावा लागतो तो हायड्रोजनला. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात थळ येथे युरियाचा मोठा कारखाना आहे. तिथे काय किंवा देशातल्या इतर कारखान्यांत काय, हायड्रोजन काढतात तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून. ह्या वायूचा बराचसा भाग परदेशातून जहाजाने येतो. तिकडे लढाई पेटली की इकडे खताचा हिशेब बिघडतो, तो ह्यामुळे.

पण हायड्रोजन तर पाण्यातही आहे! १८०० साली निकोल्सन आणि कार्लाइल ह्या दोघा इंग्रजांनी विजेच्या साह्याने पाण्याचे दोन घटक वेगळे केले. नऊ लिटर पाणी फोडले की एक किलो हायड्रोजन आणि आठ किलो प्राणवायू. म्हणजे आपल्या गोणीमागे चाळीस लिटर पाणी पुरे. कारखान्यात पाणी शुद्ध करायला, यंत्रे गार ठेवायला आणखी लागते, ते वेगळे.

आपल्या देशात हे करूनही झाले आहे बरे का. पंजाबात नांगल येथे १९६१ साली खताचा कारखाना सुरू झाला. भाक्रा धरणाची वीज घ्यायची, तिने पाणी फोडायचे, निघालेल्या हायड्रोजनचा अमोनिया करायचा, असा तो बेत होता आणि तो चालला. पुढे विजेला इतर गिऱ्हाइके वाढली आणि कारखान्याने दुसरा कच्चा माल धरला. अडचण पाण्याची नव्हती, विजेची होती.

किती वीज लागते? एक किलो हायड्रोजनला निसर्गनियमाने सुमारे ३९ युनिट लागतातच. प्रत्यक्षात मात्र पन्नासच्या वर जातात. गोणीचा हिशेब केला तर पावणेदोनशे युनिट अटळ, आणि वरचे पन्नासएक युनिट नुसती उष्णता होऊन वाया. कोकणातून देशावर चढणारी बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. माथ्याची उंची काही कमी होत नाही. पण वाट दगडगोट्यांची असेल तर बैल अधिक दमतात, चांगला घाटरस्ता केला तर कमी. हा रस्ता करून देणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. तो स्वतः खर्ची पडत नाही, पण काम सोपे करतो. म्हणूनच, ‘अमुक भुकटी टाका आणि पाण्यावर मोटार चालवा’ असे कुणी सांगू लागला तर त्याला खुशाल वाटेला लावा. उत्प्रेरक वाया जाणारे पन्नास युनिट कमी करील, अटळ पावणेदोनशेंना हात लावू शकणार नाही.

आता हा उत्प्रेरक कोणत्या धातूचा? एका प्रकारच्या यंत्रात प्राणवायूच्या बाजूला इरिडियम वापरतात. काम उत्तम, पण साऱ्या जगात वर्षाला इरिडियम निघते ते सात-आठ टनांच्या घरात. तेवढ्यावर सगळ्या जगाच्या खताचे भागायचे कसे? दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात पाण्यात दाहक पोटॅश असते आणि तिथे निकेल चालते. निकेल पुष्कळ स्वस्त, पण जरा सुस्त. त्याला चपळ करायचे तर त्याचा पृष्ठभाग वाढवावा लागतो, कारण पाणी फुटते ते धातूच्या पृष्ठभागावरच.

गुळाचा खडा पाण्यात सावकाश विरघळतो, किसलेला गूळ पटकन, हे घरोघरी माहीत आहे. तीच गोष्ट धातूची. एक सेंटिमीटरचा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून सहा चौरस सेंटिमीटर. त्याचे दहा नॅनोमीटरचे तुकडे केले, (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग,) तर सगळ्या तुकड्यांचा पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! चिमटीत मावणाऱ्या ठोकळ्यात सहा गुंठे जमीन दडलेली. गुरुजींनी हे गणित फळ्यावर अवश्य करून घ्यावे.

असा बारीक धातू करायचा कसा? अमेरिकेत मरे रेनी नावाचे गृहस्थ होते. ते वनस्पती तुपासारखा पदार्थ करण्याच्या धंद्यात होते. तेल घट्ट करायला निकेल लागते. त्यांनी निकेल आणि अॅल्युमिनियम एकत्र वितळवले आणि त्या मिश्रधातूतले अॅल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने विरघळवून काढले. मागे राहिले ते भोकाभोकांचे निकेल, जणू स्पंजच. १९२७ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. ह्या स्पंजाच्या एका ग्रॅमला सुमारे एक गुंठा पृष्ठभाग भरतो. आज पाणी फोडण्याच्या यंत्रांत हायड्रोजनच्या बाजूला हेच निकेल पत्र्यावर चढवून वापरतात.

प्राणवायूची बाजू अधिक हट्टी. तिथे एक गंमत झाली. १९८७ साली कॉरिगन ह्या संशोधकाने दाखवले की, पोटॅशमध्ये मळ म्हणून आलेले किंचित लोखंड निकेलला लागले की ते अधिक जोमाने काम करते. लोखंड, तेही मळातले! आता निकेल-लोखंडाचे नॅनोमीटर जाडीचे थर मुद्दाम तयार करतात.

प्रयोगशाळेतले यश कारखान्यात टिकतेच असे नाही. बुडबुडे भोकांत अडकून बसतात, बारीक कण गळून पडतात. सूर्याची वीज वापरावी तर ती संध्याकाळी थांबते, आणि यंत्र रोज बंद-चालू झाले की पत्रे लवकर खराब होतात. कारखान्याला पत्रा वर्षानुवर्षे टिकायला हवा असतो. २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजनचे लक्ष्य ठेवले, त्याचे गणित ह्या पत्र्यांच्या आयुष्यावरही अवलंबून आहे. शिवाय युरियाला कार्बन डायऑक्साइड लागतो, तो आज नैसर्गिक वायूबरोबरच मिळतो. तेव्हा पाण्यातून अमोनिया होईल, पण युरियासाठी ती सोय वेगळी पाहावी लागेल.

गुरुजी, वर्गात हे दाखवायचे तर नऊ व्होल्टची बॅटरी, दोन्ही टोके काढलेल्या दोन शिसपेन्सिली आणि पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा एवढे पुरे. मीठ टाकू नका, क्लोरीन हा विषारी वायू निघतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ काडी ओढू नका. पेन्सिलींची वरची टोके बॅटरीला जोडा, खालची पाण्यात सोडा. ऋण टोकाशी बुडबुडे अधिक दिसतील, तो हायड्रोजन. धन टोकाकडे मात्र नीट लक्ष ठेवा. प्रयोग बराच वेळ चालला तर तिथले शिसे झिजू लागते आणि पाण्यात काळे कण उतरतात. मुलांनी ‘असे का?’ म्हणून विचारले, तर निकेलची गोष्ट तिथूनच सुरू करता येईल.